चळवळीतील गाणी नेमके कोणते काम करतात? (१८ जूनच्या निमित्ताने)

रानजाई
येत्या १८ जूनला आमच्या विद्यालयात गोवा क्रांतिदिनाचा कार्यक्रम आहे. या वर्षी नेहमीच्या भाषणांऐवजी चळवळीतील गाण्यांवर एक तासाचे सत्र घ्यावे, असे ठरले आहे. तयारीच्या बैठकीत दहावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, गाणी म्हणून पोर्तुगीज गेले का? ते तर सैन्य आले म्हणून गेले." प्रश्न सरळ आहे आणि त्याला तितकेच सरळ उत्तर मिळायला हवे.

माझे मत असे की, गाणे राज्य उलथवीत नाही, पण चळवळीत कोणाला शिरता येईल हे बऱ्याच अंशी गाणेच ठरवते. ज्या घरातील स्त्रिया सभेला जात नसत त्या कीर्तनाला जात. ज्याला पत्रक वाचता येत नसे त्याला पद पाठ होत असे. मात्र हे मी अनुमानाने लिहीत आहे. जाणकारांनी आपापल्या वाचनातील आणि अनुभवातील उदाहरणे द्यावीत. 'प्रेरणा मिळाली' एवढ्यावर कृपया थांबू नये. त्या गाण्याने नेमके काय घडवले, कोणाला कुठून कुठे नेले, हे सांगता आले तर सांगावे.

प्रश्नचिन्ह
विद्यार्थिनीचे म्हणणे मला योग्य वाटते. १९ डिसेंबर १९६१ ची तारीख सैनिकी कारवाईने आली आणि त्याआधीची पंधरा वर्षे सत्याग्रह, तुरुंगवास, आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र कारवाया, आर्थिक नाकेबंदी यांनी भरलेली आहेत. लोकांपर्यंत बातमी पोहोचवण्याचे सर्वांत मोठे काम कोणी केले असेल, तर ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांच्या गुप्त नभोवाणी केंद्राने. नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत घाटातील जंगलात राहून त्यांनी कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून प्रक्षेपण केले. त्या प्रक्षेपणाचे बळ बातमीत होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सरकार जे दडपत होते, ते हे दोघे साध्या गद्यात सांगत होते.

गाणे लक्षात राहते म्हणून आपण नंतर त्याला श्रेय देतो. पत्रक वाटणाऱ्याचे, निरोप पोहोचवणाऱ्याचे, रात्री दार उघडून आसरा देणाऱ्याचे काम कोणाच्या ओठांवर राहत नाही. त्यामुळे गाण्याचा वाटा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, असे मला वाटते.

खांडेपारकर
रानजाईताई, तुम्हाला नेमके उदाहरण हवे आहे, तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापासून सुरुवात करा. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूचे चिन्ह फूल होते आणि गोवा वेगळा संघप्रदेश राखण्याच्या बाजूचे दोन पाने. उल्हास बुयांव यांचे 'जय गोमंतक' कलापथक त्या काळात गावोगाव फिरले. मनोहरराय सरदेसाई, उदय भेंब्रे, शंकर भांडारी यांच्यासारख्या कवींची गीते त्यात गायली जात. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. देवळाच्या प्रांगणात पेट्रोमॅक्सच्या उजेडात हार्मोनियम आणि तबला एवढ्या साहित्यावर तो कार्यक्रम झाला. आमच्या वाड्यावरील माणसे राजकीय सभेला जाण्यास बिचकत, कारण कोण कोणाच्या सभेला बसले हे भाटकारापर्यंत, म्हणजे जमीनदारापर्यंत, पोहोचत असे. गाण्याच्या कार्यक्रमाला मात्र सगळेच आले, कारण गाणे ऐकणे हा कोणाच्या दृष्टीने अपराध नव्हता.

निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला. हा फरक केवळ गाण्यांनी पडला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक आणि त्यातील भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर घरोघरी वाचले जाई. विलीनीकरणाच्या विरोधातील तो युक्तिवाद मराठीत लिहिलेला होता, हेही मुलांना अवश्य सांगा. पण वाचणाऱ्याच्या घरापलीकडे जो मतदार होता, त्याच्यापर्यंत गाणे गेले.

सत्तरीचा शेतकरी
काकांचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो. आमचे घर फुलाचे. माझे वडील कूळ होते आणि त्यांच्यासाठी विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या दारातून कायमचे बाहेर पडण्याची वाट होती. आमच्या वाड्यावरही गाणी झाली होती. भजनाच्या चालीवर रचलेली ती पदे रात्री भजन आटोपल्यावर म्हटली जात. ती कोणी छापली नाहीत, त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाही, म्हणून आज ती कोणाला ठाऊक नाहीत. चळवळीच्या गाण्यांचा इतिहास लिहिताना जिंकलेल्या बाजूची गाणी टिकतात आणि हरलेल्या बाजूची विरून जातात, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

आणखी एक. जनमत कौलात विलीनीकरण नाकारणाऱ्या याच गोव्याने अडीच महिन्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. म्हणजे गाण्याने एका प्रश्नाचे उत्तर दिले, पण माणसांची निष्ठा बदलली नाही. कुळांच्या हक्कांचा प्रश्न त्या गाण्यांत नव्हता. तो कायद्याने आणि मतपेटीने पुढे गेला.

साधा वाचक
दोन्ही प्रतिसाद उत्तम. सत्तरीच्या दादांनी वडिलांकडून ऐकलेली पदे आठवत असतील तर लिहून ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

ओवी प्रियोळ
गाण्यात बळ आहे की नाही हे गाणाऱ्याला विचारण्यापेक्षा ते बंद करणाऱ्याला विचारावे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली एक फर्मान काढले. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात ते दिले आहे. नवख्रिस्ती कुटुंबांनी लग्नप्रसंगी पूर्वापार चालत आलेली गाणी, ओव्या म्हणू नयेत, असा त्यात निर्बंध आहे. धर्मांतर होऊन पिढ्या उलटल्या होत्या, देवळे पाडून झाली होती, तरी त्या सत्तेला स्वयंपाकघरात आणि लग्नमांडवात बायका काय गुणगुणतात याची चिंता होती.

आणि त्या ओव्या निषेधाच्या नव्हत्याच. नवरीला हळद लावताना, तांदूळ दळताना म्हणायच्या त्या ओळी. निषेध असावा असे गाणाऱ्या बाईच्या मनातही नसेल. बंदी आली आणि ती ओवी म्हणत राहणे हाच विरोध ठरला. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या लग्नांत ओव्यांची परंपरा आजपर्यंत पोहोचली आहे, तेव्हा त्या झगड्यात शेवटी कोण टिकले ते उघड आहे.

नीलपाणी
ओवीताईंच्या मुद्द्याला जोडून पोर्तुगालमधीलच उदाहरण देते, कारण ज्या राजवटीने गोव्यात माणसे तुरुंगात टाकली ती राजवट पुढे एका गाण्याच्या इशाऱ्यावर कोसळली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

सालाझारची हुकूमशाही त्याच्यानंतर मार्सेलो काएतानोने चालवली. आफ्रिकेतील युद्धांना कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठावाची योजना आखली, तेव्हा वेगवेगळ्या छावण्यांना एकाच क्षणी निघण्याची खूण कशी द्यायची, हा प्रश्न होता. त्यांनी रेडिओ निवडला. २४ एप्रिल १९७४ च्या रात्री ११ वाजण्याच्या सुमारास पहिले गाणे लागले. ते त्या वर्षी युरोपातील गीतस्पर्धेला पाठवलेले साधे प्रेमगीत होते. मध्यरात्र उलटून २० मिनिटांनी दुसरे गाणे लागले: झेका अफोंसो यांचे 'ग्रांदोला, व्हिला मोरेना'. ते लागले याचा अर्थ माघार नाही, निघा. दुसऱ्या दिवशी लिस्बनच्या रस्त्यांवर लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली.

हे गाणे ऐकताना पहिले काही क्षण शब्द नसतात. खडीवर एका लयीत पडणारी पावले ऐकू येतात आणि मग त्यांवर एकच आवाज चढतो. एकाने ओळ म्हणायची आणि समूहाने ती उचलायची, ही दक्षिण पोर्तुगालमधील आलेंतेझू भागातील शेतमजुरांची रीत. १९७१ मध्ये ते ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्याचा उठावाशी काडीचाही संबंध नव्हता. एका गावातील बंधुभावाचे ते गाणे. मार्च १९७४ अखेरीस लिस्बनमध्ये झालेल्या एका मैफलीत अफोंसोंची इतर बरीच गाणी सेन्सॉरने रोखली होती. हे गाणे तेवढे निसटले आणि सारे सभागृह ते उभे राहून गाऊ लागले. श्रोत्यांत उठावाच्या तयारीतील काही अधिकारीही होते. खुणेसाठी हेच गाणे निवडले जाण्यामागे ती रात्र आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्याचे भारतातील सामिलीकरण करारान्वये मान्य केले. ज्या कागदाची आपण १९६१ पासून वाट पाहत होतो, तो सालाझारी राजवट पडल्यानंतरच आला.

प्रश्नचिन्ह
नीलपाणी, माहिती मोलाची आहे, पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो असे मला वाटते. त्या रात्री छावण्यांतून रणगाडे निघाले ते अनेक महिन्यांच्या गुप्त बैठकांमुळे. गाण्याऐवजी घड्याळाचे ठोके लावले असते तरी ते निघाले असते.

नीलपाणी
रणगाडे निघाले असते, हे मान्य. पण उठाववाले रेडिओवरून "नागरिकांनी घरातच राहावे" असे वारंवार सांगत असताना लोक हजारोंनी रस्त्यावर का आले, याचे उत्तर घड्याळाच्या ठोक्यांत मिळत नाही. ते गाणे लोकांच्या माहितीचे होते, सेन्सॉरला नकोसा असलेला आवाज त्यात होता. बाहेर काय चालले आहे आणि आपण कोणाच्या बाजूचे आहोत, हे लोकांना ते ऐकूनच उमगले.

जलसाकार
मी मूळचा नाशिककडचा, नोकरीनिमित्त वास्कोत स्थायिक झालो आहे. आमच्या घरात जलशाची परंपरा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्याच्या प्रचारासाठी सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता, तोच त्यांनी घेतला आणि आतून बदलला. तमाशात आरंभी गण म्हणजे गणपतीचे स्तवन असते. त्याच्या जागी निर्मिकाचे (सृष्टी निर्माण करणाऱ्याचे) किंवा सत्याचे स्तवन आले. गवळणीच्या जागी भटभिक्षुकी आणि सावकारी यांवर सवाल-जवाब आले. शेवटच्या वगात शेतकऱ्याच्या कर्जाची, मुलीच्या शिक्षणाची, विधवेच्या केशवपनाची गोष्ट आली. प्रेक्षक आपल्या ओळखीच्या करमणुकीला म्हणून येत आणि उठून जाताना दुसरेच काही घेऊन जात.

आंबेडकरी जलशांनी हे काम आणखी धारदार केले. भीमराव कर्डकांचे जलसा मंडळ १९३० च्या सुमारास नाशिक भागात उभे राहिले, तेव्हा काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. सत्याग्रह कशासाठी, मेलेले जनावर ओढू नका असे बाबासाहेब का म्हणतात, पाणवठ्यावरचा हक्क म्हणजे काय, ही सर्व चर्चा जलशात ढोलकी आणि तुणतुण्यावर होत असे. पुढे वामनदादा कर्डक आले. लिहायला-वाचायला ते मोठेपणी शिकले आणि मग आयुष्यभर हजारो गीते रचीत गावोगाव फिरले. आज एखाद्या वस्तीतील निरक्षर आजी संविधानाबद्दल दोन गोष्टी नेमकेपणाने सांगते, तेव्हा तिचा स्रोत बहुधा जयंतीत ऐकलेले एखादे गाणे असतो. तिच्यासाठी तीच शाळा होती.

तेव्हा रानजाईताई, "नेमके काय केले" याचे माझे उत्तर: ज्यांना पुस्तकापासून दूर ठेवले होते त्यांच्यापर्यंत युक्तिवाद नेला. भावना नव्हे, युक्तिवाद. प्रश्नचिन्ह यांनी गद्याला जे श्रेय दिले आहे, ते काम आमच्याकडे पद्याने केले.

रापणकाठ
+१. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना म्हणायच्या हाकांनाही गाणेच म्हणायचे. पंचवीस-तीस माणसांनी एकाच वेळी दोर खेचायचा तर आवाज एक हवा. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले आणि मातान्ही साल्दान्हा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा मोर्चात त्याच हाका दिल्या गेल्या, असे घरातील वडीलधारे सांगतात. ज्यांच्या अंगात एकत्र जोर लावण्याची सवय मुरलेली होती, त्यांना मोर्चात पाय जुळवायला कोणी शिकवावे लागले नाही. १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा, फार क्लेशदायक विषय आहे.

कुर्डीची लेक
धागा पहिल्यापासून वाचत आहे. येथे सर्वांनी गाण्याची बाजू मांडली, मी न गाण्याची मांडते.

मी कलावंत समाजातील. आमच्या पणजीच्या पिढीतील मुलींना देवळाशी जोडले जाई. त्यांचा शेंसविधी होई आणि त्यानंतर गाणे-नाचणे हा त्यांचा धर्म ठरे. लग्न नाही, बापाचे नाव नाही. त्यांचे गाणे गोड होते, यजमानांना ते हवे होते आणि त्या गोडीवरच ती गुलामी उभी होती. राजाराम पैंगीणकर हे याच समाजातून आलेले सुधारक. 'मी कोण' हे त्यांचे आत्मचरित्र मुलांनी जरूर वाचावे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेंसविधी बंद करा, मुलींची लग्ने लावा, त्यांना शिकवा, असा आग्रह धरला. गोमंतक मराठा समाजाची घडण या चळवळीतून झाली. त्या काळात अनेक घरांनी तंबोरे माळ्यावर टाकले आणि मुलींना गाणे शिकवायचे नाही, असे ठरवले. आमच्या घरात तो नियम इतका कडक होता की माझ्या आजीला सुंदर गळा असूनही तिने आम्हाला अंगाईसुद्धा मोकळ्या आवाजात म्हटली नाही.

याच समाजातून केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या शास्त्रीय गायिका आल्या. त्यांनी गाणे सोडले नाही, पण ते देवळाच्या चौकातून उचलून स्वतःच्या अटींवर मैफलीत नेले. समोरच्याने शांत बसून ऐकायचे, हा दंडक त्यांच्या गाण्याने घातला. एकीने गाणे टाकून आणि दुसरीने गाण्याची जागा बदलून एकाच बंधनाला नकार दिला, असे मला वाटते. त्यांच्या ख्यालात निषेधाचा एकही शब्द सापडणार नाही. तरी गोव्यातील सामाजिक परिवर्तनाच्या संगीताचा विचार त्यांना वगळून करणे मला मान्य नाही.

ओवी प्रियोळ
कुर्डीताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या प्रतिसादात गाणे चालू ठेवणे हा विरोध होता, आपल्या घरात गाणे थांबवणे हा विरोध होता. ज्याच्या हातात गाणे थांबवण्याचा किंवा चालू ठेवण्याचा निर्णय नव्हता, त्याने तो आपल्या हातात घेतला, हे दोन्हीकडे सारखे आहे.

मांडोप्रेमी
मांडो हे कोकणी गीत म्हटले की लोकांना विरह आणि चांदणे आठवते. पण २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीवरून जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या घटनेवर रचलेला मांडो आजही गायला जातो आणि त्याच्या आरंभीच तारीख आहे. सरकारी इतिहासाने जे दोन ओळींत गुंडाळले असते, ते लग्नसमारंभांत म्हटल्या जाणाऱ्या गीतात तारखेसह राहिले. स्मरण राखणे हेही कामच आहे.

तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातील कांतारांचा, म्हणजे गाण्यांचा, उल्लेख अजून कोणी केला नाही. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या रंगभूमीवर दोन पडद्यांच्या मध्ये येणारी कांतारे नाटकाच्या कथेशी बांधील नसतात. त्यामुळे गायकाला गेल्या आठवड्यातील बातमीवरही बोलता येते. आमदाराने काय केले, खाणीचा ट्रक कोणाला चिरडून गेला, पंचायतीने कोणती जमीन कोणाला दिली, हे सारे रविवारी संध्याकाळी गाण्यात येते आणि सभागृह 'वन्स मोर' मागते. पोर्तुगीज काळात प्रयोगाआधी संहिता तपासणीसाठी द्यावी लागे, तेव्हा दुहेरी अर्थाची ओळ कशी रचायची, याचे शिक्षणच त्या गायकांना मिळाले.

खांडेपारकर
आणखी एका कामाचा उल्लेख राहिला आहे. गाण्याने पैसे उभे केले. दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तीसाठी १९५४ मध्ये तरुणांची जुळवाजुळव चालू होती, तेव्हा निधीसाठी पुण्यात लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला. सुधीर फडके तर स्वतःच त्या मोहिमेत उतरले होते. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते आणि गोवा मुक्त होऊनही ते सुटले नव्हते. १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली, त्यामागेही फडके यांनी अनेक वर्षे केलेली धडपड आहे. भावगीते गाणारा माणूस म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांची ही बाजू मुलांना कळली पाहिजे.

सत्तरीचा शेतकरी
सुंदर माहिती, काका. साधा वाचक यांना: आईला तीन पदे आठवतात. तिच्या आवाजात मुद्रित करून घेतो आहे.

प्रश्नचिन्ह
इतके सारे वाचल्यावर माझे म्हणणे अधिक काटेकोरपणे मांडतो. गाणे एकटे काही करीत नाही, त्याला वाहून नेणारी संघटना लागते. अमेरिकेतील 'वुई शॅल ओव्हरकम' घ्या, ज्याचे गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले हिंदी रूप आपण सर्वांनी शाळेत म्हटले आहे. मूळ धाटणी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भजनाची. १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे तंबाखू कारखान्यातील कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, संप केला आणि धरणे आटोपताना त्या हे गाणे म्हणत. त्यांतील काही जणींनी ते टेनेसीमधील हायलँडर या कार्यकर्ता प्रशिक्षण केंद्रात नेले. तेथे झिल्फिया हॉर्टन यांनी ते शिकवायला घेतले, त्यांच्याकडून पीट सीगर यांच्याकडे गेले, गाय कॅरावान यांनी १९६० मध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात ते म्हटले आणि तेथून ते सर्व दक्षिणेत पसरले. या साखळीत प्रत्येक कडी म्हणजे संघटना आहे: चर्च, कामगार संघ, प्रशिक्षण केंद्र, विद्यार्थी समिती. जलसाकार यांनी सांगितलेल्या जलशामागेही सत्यशोधक समाज होता, बुयांवांच्या कलापथकामागेही संघटित मोहीम होती. विद्यार्थिनीला हे सांगितले, तर तिला गाणे आणि सैन्य यांत निवड करावी लागणार नाही.

साधा वाचक
मग चिलीच्या व्हिक्टर हारा यांना १९७३ मध्ये लष्कराने स्टेडियममध्ये डांबून का ठार मारले? त्यांच्या हातात गिटारीशिवाय काही नव्हते.

प्रश्नचिन्ह
कारण त्यांच्या मागे लाखोंची संघटित चळवळ होती आणि तिला आवाज कोण देतो हे लष्कराला माहीत होते. आपल्या प्रश्नात वेदना आहे आणि ती मलाही आहे.

चांदरची रात्र
मी या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान असेन. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदर येथे रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध लोक जमले, तेव्हा मी तेथे होते. हातात मेणबत्त्या होत्या, घुमट (मातीचे चर्मवाद्य) वाजत होते आणि गाणी चालू होती. कोळशाची वाहतूक नको, मोलेचे जंगल वाचवा, या मोहिमेत चित्रे, कविता, गाणी यांचा पूर आला होता. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या काळात मोबाइलवर फिरलेली गाणी फार चांगली होती, पण ती आम्ही ऐकत होतो. प्रत्यक्ष रुळांजवळ आम्ही म्हटली ती जुनीच, आजी-आजोबांच्या काळातील गाणी, कारण सर्वांना येत होती तीच. नवीन गाण्यांची चाल अवघड, वाद्यमेळ मोठा, मधले कडवे रॅपचे. एका गायकासाठी ती उत्तम होती, घोळक्यासाठी नव्हती. मराठीत तर त्या रात्री एकही नवीन गाणे नव्हते, आणि सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडून आलेल्या अनेकांची घरची भाषा आणि भजनाची भाषा लक्षात घेता मला ते फार खटकले.

जलसाकार
चांदरताईंनी नेमके मर्म सांगितले. जलशात मुख्य शाहीर एकच असतो, पण खरी शक्ती झीलकऱ्यांची. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात आणि तिसऱ्या वेळेला समोरचा प्रेक्षकच झील धरतो. त्यासाठी पालुपद आखूड लागते, चाल कानावरून गेलेली लागते आणि पट्टी अशी लागते की शेतात राबून आलेल्या माणसाचा आवाजही तिथे पोहोचेल. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या काळात लाखांच्या सभा हलवल्या, त्या याच पायावर. ध्वनिमुद्रणासाठी रचलेल्या गाण्यात झिलीला जागाच ठेवलेली नसते.

रानजाई
सर्वांचे मनापासून आभार. सत्राची आखणी आता अशी केली आहे: आरंभी १७३६ चे फर्मान आणि एक लग्नातील ओवी, मग जलशातील गण, त्यानंतर जनमत कौलाच्या दोन्ही बाजू. सत्तरीच्या दादांच्या आईंचे ध्वनिमुद्रण मिळाले तर ते तेथेच ऐकवू. शेवटी ग्रांदोलाची पावले. कुर्डीताई, आपण येऊन पंधरा मिनिटे बोलाल का? विचारणाऱ्या विद्यार्थिनीलाच मी जलशाचे आणि हायलँडरचे टिपण करायला दिले आहे. तिचे ताजे म्हणणे असे की, सैन्य एका दिवसात येऊ शकते, पण त्या दिवशी कोणाला आनंद व्हावा हे आधीच्या पंधरा वर्षांत ठरलेले असते. हे वाक्य तिचे आहे, मी त्यात काही घातलेले नाही.

कुर्डीची लेक
येईन. फक्त मला गायला सांगू नका.

रापणकाठ
घुमट वापरणार असाल तर बकऱ्याच्या कातड्याचेच घ्या. घोरपडीचे कातडे वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि मुलांच्या हातात तसे जुने घुमट देऊ नये. बकऱ्याच्या कातड्याचा नाद थोडा जाड येतो, पण उन्हात जरा तापवून घेतले की चालते. जूनमध्ये ऊन मिळणे कठीण, तेव्हा विस्तवाजवळ धरा, फार जवळ नको.

जलसाकार
रानजाईताई, गण शिकवायला मी आदल्या दोन संध्याकाळी येऊ शकतो. ढोलकी आणि तुणतुणे माझे, झीलकरी तुमचे. आवाज चांगला आहे अशीच मुले निवडू नका, वर्गातील सर्वांना उभे करा. पट्टी मी खाली घेईन.